रकाना कोरा सोडू नये

भाऊसाहेब आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, आणि तेसुद्धा छापील अर्जावर. तोंडी बोलले असते तर एक वेळ निभावलं असतं. तोंडी बोललेलं फिरवता येतं, ‘मी तसं म्हटलंच नव्हतं’ म्हणून हात वर करता येतात. पण शाईने लिहिलेलं, खाली सही केलेलं आणि तारीख टाकलेलं खोटं फाइलीत जाऊन बसतं आणि तिथून आपल्याकडे टक लावून बघत राहतं.

आता दोष भाऊसाहेबांचा म्हणावा तर तसाही नव्हता. दोष सवयीचा होता. एकोणतीस वर्षं त्यांनी कॉलेजच्या परीक्षा विभागात खिडकीच्या आतल्या बाजूला बसून काढली होती. ‘रकाना कोरा सोडू नये, अपूर्ण अर्ज विचारात घेतला जाणार नाही’ ही पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून त्या खिडकीवर लावली होती. एक रकाना कोरा म्हणून त्यांनी हजारो पोरांना रांगेच्या शेपटाला परत पाठवलं होतं. अशा माणसापुढे घरभाड्याच्या अर्जातला नवव्या क्रमांकाचा रकाना आला: ‘सायकल चालवता का? चालवत असल्यास किती वर्षांपासून?’ मेंदूने विचार करायच्या आत हाताने ‘होय’ लिहूनही टाकलं. मग वर्षं मोजणं आलं. भाऊसाहेब पहिल्यांदा सायकलवर बसले ते अकराव्या वर्षी, आणि आता त्यांना चोपन्नावं चालू होतं. त्यांनी प्रामाणिकपणे वजाबाकी केली आणि लिहिलं, ‘त्रेचाळीस वर्षे.’ या त्रेचाळीस वर्षांपैकी सायकल प्रत्यक्षात त्यांच्या खाली होती ती फक्त नऊ सेकंद, आणि त्यानंतर ते आणि सायकल दोघंही शेजाऱ्यांच्या काटेरी कुंपणात होते. पण ते लिहायला अर्जात जागाच नव्हती. जागा असती तर त्यांनी तेही लिहिलं असतं.

परीक्षा विभागाचे प्रमुख म्हणून बढतीवर ते ज्या गावात आले होते ते गाव कॉलेजचं, आणि कॉलेज सायकलींचं. प्राचार्य सायकलवर, पोस्टमन सायकलवर, दाताचे डॉक्टर सायकलवर, आणि दात काढून घेतलेला पेशंटसुद्धा गालाला हात लावून एका हाताने सायकलवर. मोटारींना गावाच्या वेशीवरच थांबवत. सगळ्या गल्ल्यांमधून लाल रंगाचे सायकलचे पट्टे, कोपऱ्या-कोपऱ्यावर हवा भरायचे फुकट पंप. घर भाड्याने देताना तिथे कुणी ‘माणसं किती?’ असं विचारत नसे, ‘सायकली किती?’ असं विचारत. भाऊसाहेबांनी नऊ घरं पाहिली. नऊ ठिकाणी त्यांनी ‘एकही नाही’ असं खरं सांगितलं आणि नऊ दारं तोंडावर बंद झाली. दहावं घर पाहिलं तेव्हा त्यांच्या अंगात त्राण उरलं नव्हतं.

आणि दहाव्या घरात ओट्यासमोर खिडकी होती.

ही खिडकी साधी समजू नका. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि ती सगळी वर्षं भाऊसाहेबांच्या बायकोने भिंतीकडे तोंड करून स्वयंपाक केला होता. तिने कधी तक्रार केली नाही, पण कुणाच्याही घरी गेली की आधी स्वयंपाकघरात जाऊन ओट्यासमोर उभी राहायची. भाऊसाहेबांनी फोनवर खिडकीचं सांगितलं. ती हळूच म्हणाली, “अगदी समोर? की बाजूला?” “अगदी समोर,” भाऊसाहेब म्हणाले. त्या क्षणी हे घर हातचं जाऊ द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं. जुनं घर तीन महिन्यांनी रिकामं करून द्यायचं कबूल झालं होतं. सामान बांधून ती त्याच वेळी येणार होती.

मालकीणबाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या. भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या, अंगाने काटक, आणि वळणावर असा कोन साधून वळायच्या की बघणाऱ्याने वही काढावी. त्यांनी अर्ज वाचला, ‘त्रेचाळीस वर्षे’वर बोट ठेवलं आणि पहिल्यांदाच हसल्या.

“छान. बाकी सगळं कलम सातमध्ये आहे.”

कलम सात असं होतं: पहिले तीन महिने करार कच्चा. तीन महिन्यांनी मालकीणबाई आणि भाडेकरू यांनी सोबत सायकलवरून तळ्यापर्यंत फेरी मारायची, आणि ती झाल्यावरच करार पक्का व्हायचा.

“माणूस बोलण्यात फसवू शकतो,” मालकीणबाई म्हणाल्या, “ब्रेक लावताना नाही. आधीचे भाडेकरू फार गोड बोलायचे. फेरीत उताराला माझ्या पुढे घुसले. दुसऱ्या दिवशी घर रिकामं करायला लावलं.”

कलम आठ आणखी वाईट होतं. सायकल सलग तीन दिवस स्टँडवरून हलली नाही, तर ‘भाडेकरू सायकलवाला नाही असे समजण्यात येईल.’ स्टँडवरच्या जागेसाठी म्हणे पन्नास माणसं वाट बघत होती.

भाऊसाहेबांनी त्याच संध्याकाळी सायकल घेतली. दुकानदार म्हणाला, “एक चक्कर मारून बघा ना.” भाऊसाहेबांनी सीटवर दोनदा थोपटलं, घंटी वाजवली, आणि जाणत्यासारखं म्हणाले, “चक्कर कशाला? वस्तू बघून कळते.” मग ती वस्तू हाताने ढकलत त्यांनी दोन किलोमीटर चालत आणली. सायकल त्यांच्या मानाने इंचभर उंच होती, पण बसायचंच नसल्यामुळे ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

स्टँड गल्लीच्या तोंडाशी होता. चाळीस सायकलींची जागा, वर पत्र्याचं छप्पर, आणि टेबलामागे स्टँडवाले काका. टेबल कॉलेजच्या सायकल कक्षाचं, आणि टेबलावरचं रजिस्टरही. कक्षातल्या कुणालातरी कधीकाळी गावातली पंक्चरं मोजायची हुक्की आली होती. तेव्हापासून रजिस्टरात रकाने होते: क्रमांक, बाहेर, आत, ‘चालवत की चालत’, आणि शेवटचा रकाना, ‘चालत असल्यास कारण’. काका अकरा वर्षं ते रजिस्टर भरत होते. बाकीचे एकोणचाळीस जण सुसाट यायचे, “काका, सतरा!” “काका, बावीस!” असं ओरडत सायकल अडकवून पळायचे. त्यांच्यापैकी एकालाही शेवटचा रकाना कधी लागला नव्हता.

तो रकाना भाऊसाहेबांच्या नशिबी होता.

पहिल्या सकाळी स्टँडवरच्या चार नंबरच्या जागेतली सायकल हाताने ढकलत ते निघाले, तेव्हा काकांनी पेन उघडून विचारलं, “कारण काय लिहू, साहेब?”

कारण! ते भाऊसाहेबांनी ठरवलंच नव्हतं. पण रकाना कोरा सोडवेना. “चेन,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ‘ब्रेक’. तिसऱ्या दिवशी ‘गुडघा’. चौथ्या दिवशी काहीच सुचलं नाही तेव्हा त्यांनी गंभीरपणे सांगितलं, “विचारमग्न.” काकांनी तेही वळणदार अक्षरात लिहिलं आणि म्हणाले, “सकाळची हवा बरी असते विचाराला.” मग दोन मिनिटं हवेबद्दल बोलणं झालं, मग काकांच्या नातीच्या पहिल्यांदा पडलेल्या दाताबद्दल. चालत जाणाऱ्या माणसाला थांबायला काही लागत नाही.

घरापासून कॉलेज पंचवीस मिनिटांचं, आणि अशा रीतीने भाऊसाहेब रोज सायकलीला फिरायला नेऊ लागले, जसं कुणी कुत्र्याला नेतं. फरक एवढाच, की कुत्र्याला नेताना लोक मदत करायला धावत नाहीत.

कारण गाव भारी प्रेमळ होतं, आणि भाऊसाहेबांना त्रास झाला तो त्या प्रेमाचाच. वरच्या मजल्यावर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक राहत होते. त्यांना स्वतःच्या विषयाखेरीज सगळ्या विषयांतलं कळत होतं. ‘चेन’ ऐकून ते तेलाची बाटली घेऊन आले. ‘ब्रेक’ ऐकून पाने-पक्कड घेऊन आले आणि त्यांनी ब्रेक इतके घट्ट केले की पुढचं चाक दोन दिवस फिरेचना. भाऊसाहेबांना सायकल अर्धवट उचलून न्यावी लागली. ‘गुडघा’ ऐकून त्यांनी कसला तरी पाला बांधला, त्याने गुडघ्याला पुरळ उठलं आणि भाऊसाहेब खरोखरच लंगडू लागले. शेवटी प्राध्यापक कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “सायकल उत्तम आहे हो. आता फक्त पंक्चर राहिलंय. ते झालं तर मात्र माझा इलाज नाही, मला पंक्चर काढता येत नाही.”

भाऊसाहेबांना एकदम प्रकाश दिसला.

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी साडेसहाला स्टँडवर जायचे, खांबाआड उकिडवे बसायचे, मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह सैल करायचे, ‘फुस्स’ झालं की उठून कपडे झटकायचे आणि काकांच्या टेबलापाशी येऊन उसासा टाकायचे, “आजही हवा नाही बघा.” काका रजिस्टरात लिहायचे, ‘हवा नाही’. एकोणतीस वर्षं स्वच्छ नोकरी केलेला माणूस रोज सकाळी आपल्याच चाकाची हवा चोरत होता. घरी आल्यावर ते आरशात बघायचं टाळत.

आणि एवढं करून तरी सुटका होती का? नव्हती. पहिल्या कोपऱ्यावर एका पोरीने सायकलवरून उडी मारली, “सर, थांबा हं!” आणि पंप लावून चाळीस सेकंदांत हवा भरून दिली. भाऊसाहेब तोंडभरून आभार मानून तसेच ढकलत पुढे गेले, पण आता चाक टणक होतं, म्हणून पुढच्या वळणावर त्यांना पुन्हा ती सोडावी लागली. त्या वळणावर गणिताचे दोन विद्यार्थी होते. त्यांनी भरली. पुढे दाताच्या डॉक्टरांनी भरली. एका सकाळी मोजून चौदा जणांनी हवा भरली. चौदावे स्वतः प्राचार्य होते. प्राचार्यांचा उत्साह दांडगा, मनगट त्याहून दांडगं. ट्यूब अशी फाटली की समोरच्या वर्गातल्या पोरांना तास सुटल्याचं वाटलं आणि ती सगळी बाहेर पळाली. ‘परीक्षा विभागाच्या साहेबांमुळे तास बुडाला’ अशी वाक्यरचना कॉलेजात प्रथमच ऐकू आली. भाऊसाहेबांच्या अब्रूला लागलेला हा पहिला तडा.

आता वाचणारा म्हणेल, एवढी उठाठेव करण्यापेक्षा शिकून का घेतली नाही? घेतली असती. एका दुपारी भाऊसाहेब कॉलेजच्या मैदानाच्या टोकाला गेले, चोहीकडे पाहिलं, एक पाय पलीकडे टाकला. एवढ्यात अकरा विद्यार्थी धावत आले. “सर, काही बिघडलंय का?” त्या गावात माणसाला एकांतात पडायचीसुद्धा सोय नव्हती.

महिना सरला आणि सायकल कक्षाचं पत्र आलं.

झालं होतं असं, की रजिस्टरचा महिन्याचा तक्ता दर महिन्याला कक्षात जात असे आणि अकरा वर्षं तो कुणीही वाचला नव्हता. पण कक्षाला नवीन प्रमुख लाभले होते, तरुण आणि तडफदार. त्यांनी तक्ता वाचला. अख्ख्या गावात ‘हवा नाही’च्या नोंदी सव्वीस, त्यातल्या चोवीस याच स्टँडच्या चार नंबरच्या जागेवर! प्रमुखांनी भिंतीवर नकाशा लावला, चारवर लाल टाचणी टोचली आणि निष्कर्ष काढला: कुणीतरी माथेफिरू पाहुण्या अधिकाऱ्याच्या चाकाची हवा सोडतो आहे. गावाच्या लौकिकाचा प्रश्न. चौकशी समिती नेमली पाहिजे. सदस्य कोण? एक स्वतः प्रमुख. एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, कारण त्यांनी न बोलावताच हजेरी लावली होती. आणि अध्यक्ष? गावात नवीन, म्हणून निःपक्ष, कागदपत्रांत मुरलेला, शब्दाचा पक्का. असा माणूस एकच होता.

“पण सायकल माझीच आहे,” भाऊसाहेब घाम पुसत म्हणाले.

“तुम्ही तक्रार केली आहे का?”

“नाही.”

“मग तुम्ही तक्रारदार नाही. अडचण कसली?” प्रमुखांनी शिक्का मारला.

अशा प्रकारे भाऊसाहेब स्वतःच्या शोधार्थ निघाले. पुढच्या दोन महिन्यांत समितीच्या तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत प्राध्यापकांनी व्हॉल्व्हवर चिकट रस लावून गुन्हेगाराची बोटं पकडावीत अशी सूचना केली. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब दिवसभर एक हात खिशात घालून बसले. दुसऱ्या बैठकीत पावलांच्या खुणा मोजण्यात आल्या. खुणा अध्यक्षांच्या चपलांशी जुळतात, याबद्दल प्राध्यापकांनी अध्यक्षांचं कौतुक केलं: “साहेब पाहणीला किती वेळा जाऊन आलेत बघा!” भाऊसाहेब प्रत्येक बैठकीचा वृत्तांत स्वतःच्या हाताने लिहीत होते, एकही रकाना कोरा न ठेवता, आणि आतून अर्धे होत होते.

तिसऱ्या बैठकीत प्रमुखांनी टेबलावर हात आपटला. “साधी गोष्ट आहे. स्टँडवर पहाटेपासून कायम हजर असलेला माणूस एकच. स्टँडवाले काका.”

भाऊसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. “छे छे! ते कशाला करतील?”

“ते आपल्याला काय माहीत? रविवारी आठ वाजता जागेवर शेवटची पाहणी. दुसरं काही सापडलं नाही, तर काकांना कमी करायचं. अध्यक्षांची सही लागेल.”

रविवार. त्याच रविवारी सातला कलम सातची फेरी होती. आणि शनिवारी बायको सामान घेऊन येत होती. नशीबसुद्धा कधी कधी रकाने भरून काम करतं.

शनिवारी सकाळी भाऊसाहेब स्टँडवर गेले. त्या दिवशी त्यांनी चाकाला हात लावला नाही. काका उठून उभे राहिले आणि त्यांनी एक घडी घातलेला कागद पुढे केला.

“साहेब, जरा नजर घाला. तुमच्यासारखं लिहिता येत नाही मला.”

तो राजीनामा होता. ‘वय झाल्यामुळे नजर राहत नाही, स्टँडवर लक्ष ठेवता येत नाही, तरी कामावरून मुक्त करावे.’

“हे कशाला, काका?”

“कमी केलं म्हणून जाण्यापेक्षा आपण होऊन गेलेलं बरं. नातीला सांगायला सोपं पडतं.” मग काका जरा लाजून म्हणाले, “सगळं भरलंय ना नीट? एखादा रकाना राहिला असला तर सांगा. तुम्हाला कोरं चालत नाही, ते ठाऊक आहे मला.”

भाऊसाहेबांनी कागद वाचला. एकही चूक नव्हती. एकोणतीस वर्षांत इतका बिनचूक अर्ज त्यांच्या खिडकीवर आला नव्हता. त्यांना एकदम खूप लाज वाटली, इतकी की ‘बघतो’ एवढंच म्हणून, कागद खिशात घालून ते सायकल ढकलत निघून गेले. त्या दिवशी रजिस्टरासाठी कारण कुणी विचारलं नाही.

दुपारी बायको आली. खोके वर चढले, गाद्या चढल्या, आणि ती सरळ स्वयंपाकघरात जाऊन ओट्यासमोर उभी राहिली. खिडकीतून लाल पट्टा दिसत होता, सायकली जात-येत होत्या. तिने ओट्यावर दोन्ही तळवे टेकले. भाऊसाहेब दारात उभे होते. त्यांना वाटलं, आत्ता नाही सांगितलं तर कधीच सांगणं व्हायचं नाही. त्यांनी सगळं सांगितलं, नववा रकाना, नऊ सेकंद, चेन, गुडघा, विचारमग्न, फुस्स, प्राचार्यांचं मनगट, समिती, काकांचा राजीनामा, सगळं.

 ऐकता ऐकता तिचे खांदे हलायला लागले. ‘विचारमग्न’पाशी ती एका खोक्यावर बसली, चौदाव्या माणसापाशी डोळे पुसू लागली, आणि ‘चौकशी समितीचा अध्यक्ष मीच’ म्हटल्यावर तिला उचकी लागली.

“अहो,” ती पाणी पिऊन म्हणाली, “सायकल तर मला येते.”

“तुला?”

“शाळेपासून. लग्नाआधी आठ वर्षं, जाऊन-येऊन रोज चौदा किलोमीटर. वाऱ्याच्या विरुद्ध.”

“आणि अठ्ठावीस वर्षांत एकदा बोलली नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुमच्या कुठल्याच अर्जात तो रकाना नव्हता.”

भाऊसाहेब खोक्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. हे त्यांना लागलं, आणि बरोबर जागी लागलं. पण दुसऱ्याच क्षणी त्यांचा चेहरा उजळला. “मग उद्याची फेरी तूच मार! काहीतरी सांगू, मला ताप आहे म्हणू...”

“फेरी मारीन,” ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. “पण आधी काकांचं. खिडकीवाला ओटा दुसरीकडे मिळेल. त्या माणसाची अकरा वर्षं कुठून आणून द्याल?”

रविवारी सातला मालकीणबाई घंटी वाजवत स्टँडवर हजर झाल्या. प्रमुख नकाशा घेऊन पाहणीच्या तासभर आधीच आले होते, प्राध्यापक भिंग घेऊन आले होते. काका टेबलामागे कोरे कपडे घालून उभे होते, जणू त्यांचाच सत्कार आहे. भाऊसाहेब पुढे झाले. त्यांनी घसा खाकरला आणि आयुष्यभर जी भाषा लिहिली तीच तोंडातून बाहेर पडली:

“चौकशी समितीचा अध्यक्ष या नात्याने कळवण्यात येते, की सर्व पुराव्यांचा विचार करता सदर हवा मी स्वतःच सोडत होतो. मला सायकल येत नाही. अर्जातील नोंद चुकीची आहे. काकांचा काहीएक संबंध नाही.”

गल्लीत कुणाच्या तरी चाकाची तार टिचकली.

“पण,” प्रमुख हताश होऊन म्हणाले, “अध्यक्षांनाच दोषी धरायची नियमांत तरतूदच नाही!”

“मी पहिल्यापासून म्हणत होतो, व्हॉल्व्ह!” प्राध्यापक ओरडले.

काका मात्र जराही चकित झाले नाहीत. “मला माहीत होतं,” ते म्हणाले. “पहिल्या दिवसापासून. खांब केवढा, साहेब केवढे.”

“मग बोलला का नाहीत?” भाऊसाहेबांचा आवाज चिरका झाला. “तुमची नोकरी चालली होती, काका!”

काका रजिस्टरचा कोपरा नीट करत राहिले. “अकरा वर्षं इथे बसतोय. चाळीस जण रोज येतात, रोज जातात. ‘सतरा’ म्हणतात, ‘बावीस’ म्हणतात. माझ्यापाशी थांबून बोलणारा एकच माणूस आला, तो चालत येतो म्हणून. मी सांगितलं असतं तर घर गेलं असतं तुमचं. मग मी सकाळी नातीच्या दाताचं कुणाला सांगणार होतो?”

 भाऊसाहेबांनी खिशातून तो राजीनामा काढला, चार तुकडे केले, आणि कागद फाडायची सवय नसल्यामुळे ते तुकडेही नीट एकावर एक रचून पुन्हा खिशात ठेवले.

आता सगळ्यांच्या नजरा मालकीणबाईंकडे वळल्या.

“त्रेचाळीस वर्षं?” त्या म्हणाल्या.

“नऊ सेकंद,” भाऊसाहेब म्हणाले.

“कलम सात मोडलं.”

“हो.”

तेवढ्यात बायकोने पर्स भाऊसाहेबांच्या हातात दिली, चार नंबरची सायकल काढली, सीट चाचपून म्हणाली, “इंचभर उंच आहे, चालेल,” आणि टांग टाकून लाल पट्ट्यावर निघूनसुद्धा गेली. वळणावर तिने न बघता हात दाखवला. मालकीणबाईंनी तो कोन पाहिला. त्यांच्या तोंडून “अरे वा!” निघालं, आणि त्या पायडलवर उभ्या राहून तिच्या मागे गेल्या.

दोघी परत आल्या त्या पावणेदोन तासांनी. तोपर्यंत भाऊसाहेब दोन्ही हातांनी पर्स धरून गल्लीत उभे होते, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना विचारत होता, “सर, हवा भरून देऊ?”

मालकीणबाई घामाघूम होत्या आणि खूश होत्या. “उताराला मागे राहिल्या,” त्यांनी जाहीर केलं. “चढाला माझ्यासाठी थांबल्या. करार पक्का.” त्यांनी नवा अर्ज काढला. भाडेकरू या रकान्यात बायकोचं नाव गेलं. भाऊसाहेबांचं नाव गेलं ते खाली, ‘कुटुंबातील इतर’ यात. परीक्षा विभागाच्या प्रमुखाला आयुष्यात प्रथमच ‘इतर’ व्हावं लागलं. त्यांनी सही केली, खाली तारीखही टाकली. समितीचा अहवालही त्यांनीच लिहिला: दोषी आढळला, समज देण्यात आली, समज देणाराही तोच.

पुढचे दोन महिने रोज संध्याकाळी मैदानावर भाऊसाहेब पडले. आता लपवायचं काही नसल्यामुळे अख्खं गाव बघायला येत होतं. विद्यार्थी टाळ्या वाजवत, प्राध्यापक पाल्याची पुडी घेऊन उभे राहत, आणि बायको कॅरिअर धरून धावताना ओरडत असे, “अहो, पुढे बघा! चाकाकडे काय बघताय, ते कुठे पळून जातंय!” एकोणिसाव्या दिवशी ते दहा सेकंद टिकले आणि त्रेचाळीस वर्षांचा विक्रम मोडला. एकतिसाव्या दिवशी मैदानाला पूर्ण फेरी झाली. थांबायचं कसं हे विचारायचं राहून गेल्यामुळे त्या दिवशी त्यांच्या सलग सात फेऱ्या झाल्या.

आणि मग एका सोमवारी सकाळी ते स्टँडवरून सायकलवर बसून कॉलेजला गेले. काकांनी ‘चालवत’ असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. संध्याकाळी परतताना भाऊसाहेब वेगात होते, वारा पाठीशी होता, चौदाही जणांनी हात हलवले. स्टँड जवळ आला. “काका, चार!” एवढं ओरडलं की काम झालं असतं.

स्टँड पन्नास पावलांवर असताना त्यांनी ब्रेक दाबला, खाली उतरले आणि सायकल ढकलू लागले. काका टेबलामागून उठले. त्यांनी चाकं पाहिली, दोन्ही टणक. चेन पाहिली, गुडघा पाहिला. पेन उघडून शेवटच्या रकान्यापाशी आणलं.

“आज चालत का, साहेब? काय लिहू?”

भाऊसाहेबांनी सायकल चार नंबरला लावली, खिशातून रुमाल काढून मान पुसली आणि टेबलासमोरच्या स्टुलावर बसले.

“तो राहू द्या कोरा,” ते म्हणाले. “दुसरा दात पडला का?”